हद्दीवरचे लाडलेसाब

येडशीहून बार्शीकडं जाणाऱ्या जुन्या गाडीवाटेवर आमचं गाव आहे. गावाच्या शेवटी, वाट जिथं उताराला लागते तिथं एक कडुनिंब, एक दगडी खोली आणि खोलीपुढं एक ओटा होता. त्या ओट्यावर लाडलेसाब बसायचे. भरलेली बैलगाडी दिसली की ते उठून उभे राहायचे, ती समोरून जाईपर्यंत आतला माल न्याहाळायचे आणि मग पुन्हा बसायचे. नवखा गाडीवान बिचकून कासरा ओढायचा. ओळखीचे हसून म्हणायचे, चाचा, कडबाच आहे, सोडा. मग लाडलेसाब हात हलवून गाडी सोडायचे. ज्या राज्याच्या वतीनं ते गाड्या सोडत होते, ते राज्य बुडून दोन तपं व्हायला आली होती.

मी तेव्हा गावच्या शाळेत मास्तर होतो. सोसायटीच्या गोदामाला लागून एक खोली होती, तिच्यात वाचनालय. ते चालवायचं कामही माझ्याच गळ्यात पडलेलं. लाडलेसाब त्याच गोदामाचे राखणदार, म्हणजे आमची गाठ रोजची. त्यांना उर्दू वाचता यायचं, बाळबोध लिपी येत नव्हती. सकाळी पेपर आला की मी वाचायचो आणि ते ऐकायचे. ऐकता ऐकता अशा शंका काढायचे की माझं डोकं फिरायचं. बांगलादेश झाला त्या दिवशी गावात पेढे वाटले. लाडलेसाबांनी पेढा खाल्ला, मिश्या पुसल्या आणि मला विचारलं की तिथल्या जुन्या नाक्यांवर जे शिपाई होते, त्यांच्या नोकरीचं आता काय झालं असेल? मी म्हणालो, चाचा, तुम्हाला दुसरं काही सुचत नाही का? तर म्हणाले, न्हाय.

नाका म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण आजच्या पोरांना ते सांगूनही खरं वाटत नाही. वर निजामाचं राज्य होतं. आमची माणसं त्याला मोगलाई म्हणायची. उताराखाली इंग्रजांचा मुलूख. दोन्हीकडं तीच काळी माती, तीच ज्वारी, आणि निम्म्या सोयरिकी याच उतारावरून वर-खाली झालेल्या. पण सरकार दोन, नाणी दोन, कायदे दोन. मधे हद्दीचा दगड आणि दगडाजवळ करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका; तीच ती दगडी खोली. लाडलेसाब त्या नाक्याचे शिपाई. विशीत त्यांना खाकी सदरा, पट्टा आणि पितळी बिल्ला मिळाला. तो बिल्ला ते मरेपर्यंत चिंचेनं घासून लखलखीत ठेवायचे.

नोकरी मोगलाईची असली तरी येणारी-जाणारी माणसं गावची होती. म्हणून लाडलेसाबांनी आपल्यापुरती एक रीत पाडली होती. ओळखीचं माणूस खालून कापड, रॉकेल असं काही डोक्यावर घेऊन आलं की ते रस्त्याकडं पाठ करून बसायचे आणि बिडी पेटवायचे. बिडी संपेपर्यंत माणूस गावात पोचलेलं असायचं. पाहिलंच नाही तर पकडायचा प्रश्न नाही, आणि सरकारशी खोटं बोलायचाही नाही. उलट त्यांचं तोंड रस्त्याकडं असलं की समजायचं, वर कुणी साहेब आलाय, खाली ओढ्यातच थांबा. साऱ्या शिवाराला हे ठाऊक होतं. फुकट मात्र नव्हतं. दुसऱ्या दिवशी ओंजळभर शेंगा, गुळाचा खडा असं काहीतरी ओट्यावर यायला लागायचं, आणि नाही आलं तर लाडलेसाब महिनाभर तोंड फुगवून बसायचे. ते काही संत नव्हते आणि मीही त्यांना करणार नाही.

ज्ञानोबा हा त्यांचा जिवाभावाचा दोस्त. मोहरमात लाडलेसाब सवारी, म्हणजे पिराचा पंजा, धरायचे आणि ज्ञानोबा पुढं हलगी वाजवायचा. सत्तेचाळीस साली उताराखालून इंग्रज गेला, तिथं हिंदुस्थान आला. वर आम्ही होतो तिथंच, मोगलाईत. पुढच्या वर्षी हिंदुस्थाननं खालून वर माल सोडणं बंद केलं. मीठ मिळेना, रॉकेल मिळेना. गावात अळणी कालवण सुरू झालं. त्याच उन्हाळ्यात ज्ञानोबाची बायको पुतळाबाई बाळंत झाली, मुलगी झाली. घरात मीठ हवं आणि पोरीला कुंची शिवायला कापड हवं म्हणून ज्ञानोबा बार्शीला गेला.

तो परत यायचा त्या दिवशी दुपारीच बंदूकवाल्यांची एक टोळी नाक्यावर येऊन बसली. आमचं गाव अजूनही त्या टोळीचं नाव घेत नाही, नुसतं 'ते' म्हणतं. लाडलेसाब सगळी दुपार उन्हात रस्त्याकडं तोंड करून बसले. दिवस कलला तेव्हा टोळीच्या म्होरक्यानं चहा मागितला. चूल खोलीच्या भिंतीला लागून होती. लाडलेसाब उठले, चुलीपुढं वाकले आणि ओल्या काटक्यांना फुंकर घालायला लागले. पाठ रस्त्याकडं झाली. ओढ्यात दडलेला ज्ञानोबा त्या पाठीचीच वाट बघत होता. तो वर चढला आणि गोळी लागली. गाठोडं सुटलं, मीठ रस्त्यावर सांडलं आणि लाल खणाचं कापड कडेच्या बोरीत अडकून राहिलं. लाडलेसाबांनी प्रेत खांद्यावर घालून घरी नेलं आणि पुतळाबाईला दारातच, काही न लपवता, सगळं सांगितलं.

सप्टेंबरात फौजा आल्या, मोगलाई संपली. त्यानंतर गावोगाव जे झालं ते ज्यांनी पाहिलं तेही सांगत नाहीत, मग मी काय सांगणार? आमच्या गावातही माणसं कुऱ्हाडी घेऊन नाक्यावर गेली. लाडलेसाब पळाले नाहीत. पळून जायला हद्दीपलीकडं काही उरलंच नव्हतं. तेव्हा पुतळाबाई तान्ही पोर काखेला मारून मधे येऊन उभी राहिली. ती काय बोलली ते गावातल्या म्हाताऱ्यांना शब्दन् शब्द आठवायचं.

"ह्यांचा गुन्हा न्हाय. माझं मालक मीठ आणायला गेलं हुतं. हे चुलीकडं वाकलं, पाठ झाली. मला म्हाईत हाय, मला त्यांनीच सांगितलंय. आता जावा घरी."

माणसं घरी गेली. लाडलेसाबांचा जीव वाचला तो त्या बोलण्यानं. पण त्याच बोलण्यातलं मीठ पुतळाबाईच्या कपाळाला चिकटलं ते चिकटलंच. भांडण निघालं की बाया तिला मीठचोराची बायको म्हणायच्या. राज्य बदललं म्हणून ज्ञानोबाची सुटका झाली नव्हती. मोगलाईच्या लेखी तो जकात बुडवणारा, आणि हिंदुस्थानच्या लेखी बंदी मोडून शत्रूच्या मुलखात माल नेणारा. दोन राज्यांच्या मधे सापडलेला माणूस असा दोन्हीकडून चोर ठरतो. पोर मुक्ता मोठी झाली, अणदूरला दिली, तर तिथंही सासूनं हेच काढलं. मुक्ता वर्षातले निम्मे दिवस माहेरी असायची, आणि माहेर म्हणजे आता ओढ्यापलीकडच्या वस्तीवरचं एक छप्पर; गावातलं घर पुतळाबाईनं बायांच्या बोलण्यापायी केव्हाच सोडलं होतं.

मग बहात्तर साल आलं. त्या दुष्काळाचं वर्णन मी करत नाही, आमच्याकडं कुणाला त्याची गरज नाही. सोसायटीचं गोदाम रिकामं पडलं, त्याला राखण कसली? लाडलेसाब, पुतळाबाई, मुक्ता, अर्धा गाव दुष्काळी कामावर गेला. काम होतं बार्शीकडच्या वाटेचा पक्का रस्ता करायचं. दिवसभर खडी फोडायची, पदरात सुकडी घ्यायची आणि अमेरिकेहून आलेल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी गिळायच्या. शाळा ओस पडली होती, म्हणून हजेरी मांडायला मलाही तिथं बसवलं होतं. एक दिवस काम हद्दीच्या दगडापाशी आलं. पुरुषभर उंचीचा तो दगड रस्त्याच्या मधे येत होता. मुकादमानं सांगितलं, फोडा, चांगली खडी निघेल. लाडलेसाब साठीकडं झुकलेले. ते पुढं झाले आणि म्हणाले, हा माझा आहे, मी फोडतो. दोन दिवस ते एकटे त्या दगडाशी झटत होते. तिसऱ्या दिवशी त्याची खडी रस्त्यात पसरली आणि वरून रोलर गेला. मला वाटलं होतं म्हातारा रडेल. तो म्हणाला, मास्तर, दगड लई कच्चा निघाला.

त्र्याहत्तरच्या सप्टेंबरात मोगलाई संपल्याला पंचवीस वर्षं होणार होती. सोसायटीचे चेअरमन नानासाहेब यांनी ठरवलं की आपल्या भागाच्या लढ्याचं पुस्तक निघालं पाहिजे. पुस्तक लिहायला त्यांनी बोलावलं उत्तरेश्वरला. हा आमच्याच गावचा, मोठ्या शहरात कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायचा. येताना तो ट्रंकभर पुस्तकं घेऊन आला आणि ती माझ्या वाचनालयात ठेवली. राष्ट्र, राष्ट्रवाद, राष्ट्रीयत्व, राष्ट्रधर्म. आमचे वाचक रहस्यकथा नेणारे, त्यातल्या एकाही पुस्तकाला कुणी हात लावला नाही. मी लावला. काही पुस्तकं खरंच विचार करायला लावणारी होती. काही मात्र अशी होती की ज्यांनी ती लिहिली त्यांनी आयुष्यात एखादा नाका पायी ओलांडला असेल असं वाटत नव्हतं.

उत्तरेश्वर लबाड नव्हता, हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढं मला त्याचा फार राग येणार आहे. त्याला खरोखर तळमळ होती. तो म्हणायचा की राष्ट्र नकाशानं होत नाही, भाषेनं होत नाही, एका धर्मानंही होत नाही. ते होतं एका आठवणीनं. सगळ्यांना मिळून एकच गोष्ट आठवायला लागली की लोकांचं राष्ट्र होतं. संध्याकाळी ओट्यावर बसून तो हे समजावून सांगायचा आणि मी भारावून ऐकायचो. लाडलेसाब बिडी ओढत ऐकायचे. एकदा त्यांनी विचारलं, "मंग ज्याची आठवण येगळी हाय, त्यानं कुठं ऱ्हायाचं?" उत्तरेश्वर हसला आणि म्हणाला, चाचा, प्रश्न मोठा आहे.

त्याची अडचण दुसरीच होती. आजूबाजूच्या प्रत्येक भागात कुणी ना कुणी हुतात्मा होता, आमच्याकडं कुणीच नव्हता. गावोगाव फिरून तो थकला. शेवटी कुणीतरी नाक्यावर मेलेल्या ज्ञानोबाचं नाव काढलं. उत्तरेश्वर वाचनालयात लाडलेसाबांना घेऊन बसला. लाडलेसाबांनी पहिल्यापासून सांगितलं. बिडी, पाठ, बंदूकवाले, चहा, चूल, मीठ, कुंची. स्वतःला कुठंही वाचवलं नाही. मी समोरच होतो. उत्तरेश्वर भराभरा टिपत होता, पण मिठापाशी आल्यावर त्याचा हात थांबला. मीठच होतं का, असं त्यानं पुन्हा पुन्हा विचारलं. दुसरं काही? पत्रकं? काडतुसं? लाडलेसाब चिडले. म्हणाले, अहो, सांडलेलं मीठ मीच गोळा केलं आणि पुतळाबाईच्या घरी नेऊन दिलं, मला मीठ कळत नाही का?

पोळ्याच्या आधीच पुस्तक छापून आलं. प्रकाशन सतरा सप्टेंबरला व्हायचं होतं, पण नानासाहेबांना धीर कुठला? चार प्रतिष्ठितांना प्रती गेल्या, एक वाचनालयात आली. लाडलेसाब सकाळीच येऊन बसले होते. अंघोळ करून, धुतलेला पायजमा घालून, बिल्ला खिशात ठेवून. पुस्तकात आपलं नाव येणार याचा त्यांना केवढा आनंद झाला होता! ज्ञानोबाचं पान काढा, म्हणाले.

मी वाचत गेलो. ज्ञानोबा सीमेवरच्या शिबिरातून गुप्त पत्रकं घेऊन निघाला होता. छातीशी त्यानं तिरंगा बांधला होता. नाक्यावरचा शिपाई लाडलेसाब यानं मैत्रीचं नाटक करून ठरलेली खूण केली, त्याला वर बोलावलं आणि बंदूकधाऱ्यांच्या स्वाधीन केलं. मातृभूमीच्या या सुपुत्राचं रक्त सांडलं, तिरंगा शेजारच्या बोरीवर फडकत राहिला. असं सगळं.

मी थांबलो. लाडलेसाबांनी पान हातात घेतलं, त्या न कळणाऱ्या अक्षरांवरून बोट फिरवलं आणि आपलं नाव कुठं आहे ते विचारलं. मी दाखवलं. ते कितीतरी वेळ तिथंच बघत राहिले. मग म्हणाले, "कापड लाल हुतं. खण हुता."

मला असा संताप आला होता की मी तसाच पुस्तक घेऊन उत्तरेश्वरकडं गेलो आणि त्याला नको नको ते बोललो. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाला की मास्तर, मीठ आणायला गेलेला माणूस पन्नास वर्षांनी कुणाला आठवेल? आठवायला काहीतरी मोठं लागतं. आणि हुतात्मा म्हटला की त्याला कुणीतरी धरून दिलेलं असावं लागतं. चहा करताना पाठ झाली म्हणून माणूस मेला, हे कुठल्या पुस्तकात लिहू? मी म्हणालो, तुझ्याच पुस्तकात. तो म्हणाला, पुढच्या आवृत्तीत एखादी तळटीप देता येईल. नानासाहेबांकडं गेलो तर त्यांनी मला एका वाक्यात वाटेला लावलं. म्हणाले, मास्तर, पाहुणे ठरले, मंडप ठरला, त्या म्हाताऱ्याला एवढं काय लागलंय?

एवढं काय लागलंय ते पंधरा दिवसांत दिसलं. आधी हॉटेलात त्यांच्या शेजारचं बाकडं रिकामं राहायला लागलं. मग शाळेतली पोरं ओट्यापुढून पळताना फितूर, फितूर ओरडायला लागली. माझी पोरं, मी शिकवलेली. गोदामात पुन्हा धान्य आलं, पण राखणीला दुसरा माणूस आला. कारण कुणी सांगितलं नाही आणि लाडलेसाबांनी विचारलं नाही. भरलेली गाडी आली की उभं राहायचं त्यांनी सोडून दिलं. एका सकाळी त्यांनी मला म्हटलं, "मास्तर, तिनं एकदा माझा जीव वाचीवला. आता नाव वाचीव म्हणतो. तेवढं एक वाक्य पुसाय सांगतो, दुसरं काय न्हाय." मी म्हणालो, चला.

आम्ही पुतळाबाईच्या वस्तीवर गेलो. छपरापुढचं अंगण नव्यानं सारवलेलं होतं. मुक्ता आत होती, आणि विशेष म्हणजे जावईही आला होता. तो बाजेवर बसून पुस्तक वाचत होता. हुतात्म्याची मुलगी म्हणून मुक्ताला आता सासरी मान होता. सासूनं स्वतः नवं लुगडं पाठवलं होतं. प्रकाशनाला सगळं सासर पहिल्या रांगेत बसायचं होतं. पुतळाबाईनं चहा केला आणि कपबशा घेऊन ती आम्हाला लिंबाखाली घेऊन आली, जावयाच्या कानापासून लांब. लाडलेसाबांना फार काही बोलावंच लागलं नाही. ते फक्त म्हणाले, वैनी, तुमी तवा समद्यांदेखत बोलला हुता.

तिनं एकदा बाजेकडं वळून पाहिलं. मग खाली बघत म्हणाली, "लाडलेभाई, तवा माझ्याजवळ जायासारखं कायबी उरलं नव्हतं. म्हणून खरं बोलता आलं. आता पोरगी नांदाय लागलीया."

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. लाडलेसाबांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. त्यांनी चहा संपवला, कप धुवून ठेवला आणि मुक्ताच्या डोक्यावर हात ठेवून निघाले. परतताना ओढ्यात मी त्यांना म्हणालो की मी सभेत उठून सांगतो, मी सांगितलं तर लोक ऐकतील. त्यांनी मला थांबवलं आणि म्हणाले, मिठाचं नाव काढायचं नाही, तुम्हाला माझी शपथ आहे. अशी शपथ घालणं मला आवडलं नाही, अजून आवडत नाही. शपथ घालणारा गेला की शपथ सुटते असं आमच्याकडं मानतात, म्हणून आज हे लिहितो आहे.

पुढं सात-आठ वर्षं लाडलेसाब जगले. नाक्याची खोली पाडून सोसायटीनं तिथं ज्ञानोबाच्या नावाची कमान उभी केली, तेव्हा ते मशिदीमागच्या एका पडवीत राहायला गेले. मोहरमात सवारी धरायला त्यांना कुणी बोलावलं नाही. पेपर ऐकायला मात्र रोज यायचे. मेले तेव्हा खांदा द्यायला गावातली थोडीच माणसं आली. उत्तरेश्वरच्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती कधी निघाली नाही, तळटीपही नाही. पहिल्या आवृत्तीतले उतारे शाळेच्या स्नेहसंमेलनात नाटुकलं म्हणून बसवले जातात. नाक्यावरच्या फितुराचं काम करायला पोरं तयार होत नाहीत, म्हणून चिठ्ठ्या टाकतात. मी एकदा विरोध केला, तर सहकारी म्हणाले, अहो, देशाचा प्रश्न आहे.

पण मला लाडलेसाब आठवतात ते सतरा सप्टेंबरच्या त्या संध्याकाळचे.

सभा मोठी झाली. पाऊसकाळ बरा झाला होता, लोक खुशीत होते. उत्तरेश्वर चांगला बोलला. पुतळाबाईला मंचावर खुर्ची दिली होती. शाल, नारळ, पुस्तक असं सगळं तिच्या मांडीवर ठेवलं आणि नानासाहेबांनी तिला दोन शब्द बोलायला सांगितलं. ती उभी राहिली. पहिल्या रांगेत मुक्ता, तिची सासू, जावई. पुतळाबाईची नजर त्यांच्यावरून सरकली आणि मागं मंडपाच्या खांबापाशी गेली, जिथं एरवी लाडलेसाब बसले असते. ते आले नव्हते. "माझं मालक चांगलं हुतं," एवढं म्हणून ती बसली. टाळ्या खूप पडल्या.

सभा संपल्यावर अणदूरची मंडळी नानासाहेबांच्या जीपमधून गेली. पुतळाबाई एकटीच वस्तीकडं निघाली. तिची वाट नाक्यावरूनच होती. मलाही तिकडंच जायचं होतं, पण तिला गाठून बोलावं असं मला वाटेना, म्हणून मी मागंच राहिलो. दिवस मावळत होता. लाडलेसाब ओट्यावर बसले होते, रस्त्याकडं तोंड करून. त्यांना ती लांबूनच दिसली असणार. अंगावर शाल, काखेत पुस्तक, हातात नारळ.

ओट्यासमोर येऊन पुतळाबाई थांबली. तिला काहीतरी बोलायचं होतं, कारण तिनं नारळ या हातातून त्या हातात घेतला आणि दोन पावलं ओट्याच्या दिशेनं टाकली. लाडलेसाब उठले. मला वाटलं, आता हा म्हातारा तिला बोलणार. ते वळून रस्त्याकडं पाठ करून बसले, खिशातून काडेपेटी काढली आणि त्यांनी बिडी पेटवली.

ती रीत काय होती हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. पुतळाबाई तशीच उभी राहिली, त्या पाठीकडं बघत. मी बाभळीआड झालो. बिडी संपत आली तरी लाडलेसाब वळले नाहीत. मग तिनं शाल डोक्यावरून ओढून घेतली, पुस्तक छातीशी धरलं आणि ती ओढ्याकडं उतरून गेली.